एकच तर पायरी

"अहो मॅडम, एकच तर पायरी आहे!" इंजिनियरसाहेब म्हणाले.

"मग काढून टाका की. एकच तर आहे," मी म्हटलं.

वाचनालयाच्या नव्या उतारावर, अगदी दाराशी येऊन माझी चाकाची खुर्ची अडली होती. उतार देखणा, कठडा भक्कम. फक्त पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून गवंड्याने मोठ्या हौसेने शेवटी पायरी ठेवली होती. अपंग माणसाला सार्वजनिक इमारतीत आपलं आपण जाता येतं का, हे तपासणं माझं काम. मी होकार दिल्याशिवाय दुरुस्त झालेलं वाचनालय उघडणार नव्हतं.

"आम्ही आहोत ना, अलगद उचलतो," शिपाईकाका बाह्या सरसावत पुढे आले.

"काका, उचलणारा माणूस होता माझ्याकडे. त्यासाठी उतार कशाला बांधायचा?"

तो माणूस खाली बाकावर बसला होता. माझे बाबा. लहानपणी दर रविवारी मला पाठंगुळीला घेऊन ते याच इमारतीच्या पायऱ्या चढायचे. वर पोचले की धापा टाकत म्हणायचे, "पोतं जड झालंय हं!" पुढे पोतं खरंच जड झालं, बाबांचे गुडघे गेले आणि दोघांचंही वाचनालय सुटलं. आज ती पायरी पाहून ते एवढंच म्हणाले, "राहू दे गं, पेपर काय घरीही येतो." ते मला फार लागलं.

मी होकार दिला नाही. इंजिनियरसाहेब चडफडले, पण माणूस दिलदार. त्यांनी पायरी फोडली, उतार थेट उंबऱ्यापर्यंत नेला, पाण्यासाठी जाळी बसवली आणि फोन केला, "या आता! भांडायला काही उरलंय का तेवढं बघा."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार. उताराशी आल्यावर त्यांनी काठी माझ्या मांडीवर ठेवली आणि खुर्चीचे मागचे दांडे धरले.

"चल, मी नेतो तुला."

त्यांचा सगळा भार दांड्यांवर आला. मी दोन्ही चाकांना जोर लावला. खांदे भरून आले, कपाळावर घाम आला, पण खुर्ची चढत राहिली. दारात शिपाईकाका हात मागे बांधून उभे होते. पुढे यायचा मोह त्यांनी कसाबसा आवरला होता.

"पोतं जड झालंय हं," मागून बाबा धापा टाकत म्हणाले.

"बाबा," मी म्हटलं, "जरा हळू ढकला."