टक्केवारीचं घर

धारवाडला केलगेरीच्या तळ्याकडून वारा सुटला की अर्चनाच्या अर्धवट बांधलेल्या घरात सिमेंटची धूळ उडायची, आणि रविवार असला की त्या धुळीतून नातेवाईक प्रकट व्हायचे. तिच्या नवऱ्याच्या, सुमंतच्या घराण्यात बांधकाम बघायला कोणी रिकाम्या हाताने येत नसे आणि सल्ला दिल्याशिवाय परत जात नसे. पेढ्यांचा पुडा देताना एक सूचना, चहाचा कप खाली ठेवताना दुसरी.

त्या रविवारी विठ्ठलकाका आले होते. सुमंतचे सख्खे काका, निवृत्त वकील, राहायला हुबळीला केशवापुरात. त्यांनी काठीने कंपाउंडच्या भिंतीला दोनदा टोचलं.

"पुंडलिका, ही भिंत आहे का बाक? कोणीही टांग टाकून आत येईल. चांगली दोन हात वर घे."

"आय्त री, वकीलसाहेब," कंत्राटदार पुंडलिक म्हणाला. होकार द्यायला त्याला दुसरा शब्द लागत नसे. काकांचं घर त्यानेच बांधलं होतं, सुमंतच्या आतेभावाचंही, आणि या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणण्याची त्याची प्राज्ञा नव्हती.

पाठोपाठ सुमंतची बहीण रेखा आतून ओरडली, "वहिनी, देवघर एवढंसंच? देवांनी काय उभ्यानेच राहायचं? भिंत जरा मागे सरकवा की."

"आय्त री, अक्का."

अर्चनाने मनातल्या यादीत दोन्ही कामं टिपली. मागच्या रविवारी स्वयंपाकघराला माळा वाढला होता, त्याआधी अंगणात तुळशीभोवती फरशी. पाहुणे गेल्यावर पुंडलिक तिच्याजवळ आला आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"एक बोलू का, अक्का? हे सगळं करायचं तर वरची खोली पुढच्या वर्षावर टाकलेली बरी. सळया वर काढून ठेवतो. मग केव्हाही चढवता येईल."

केव्हाही! धारवाडात निम्म्या गच्च्यांवर असल्या सळया गंजत उभ्या होत्या, हे अर्चनाला ठाऊक होतं. त्या घरांतली मुलं मोठी होऊन बंगळूरला गेली होती आणि सळया अजून आकाशाकडे बोट दाखवत होत्या.

ती वरची खोली हीच या घरातली तिची एकमेव मागणी होती. अर्चना कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या मुलांना घरी प्रयोग करायला बोलवायची. भिंगं, चुंबकं, तारा, लंबक, सगळं जेवणाच्या टेबलावर. आठ वाजले की सुमंत ताटं घेऊन दारात उभा. तिला एक खोली हवी होती, जिथे संध्याकाळी टांगलेला लंबक सकाळी तिथेच असेल.

घरी आल्यावर तिने विषय काढला.

"पुंडलिक चोर नाही हं," सुमंत लगेच म्हणाला.

"मी कुठे म्हटलं? आपण ठरवलं काय, ते बघ. सगळ्या घराची एकच रक्कम ठरवता आली असती. मग खर्च वाढला तर ते त्याचं दुखणं. पण सिमेंट कुठलं, सळई कुठली, सगळं आधी लिहून घ्यावं लागतं, नाहीतर तो न दिसणाऱ्या जागी हात आखडता घेतो. किंवा चौरस फुटाचा दर. आमच्या कॉलेजातल्या जयलक्ष्मी मॅडमनी तसं केलं. जिना आणि बाल्कनी पूर्ण धरायची की निम्मी, यावरून कॉन्ट्रॅक्टरशी त्यांचं बोलणं बंद झालंय."

"म्हणून तर आपण खर्चावर दहा टक्के ठरवले. माल लागेल तेवढा, बिलं समोर, वर त्याचे टक्के. स्वच्छ."

"स्वच्छच आहे. पण मला सांग, या व्यवहारात खर्च कमी व्हावा असं कोणाला वाटतं?"

"आपल्याला!"

"भिंत दोन हात वर घ्या म्हणाले तेव्हा तू काकांना नाही म्हणालास?"

सुमंतने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. विमा कंपनीत चाळीस माणसं त्याच्या हाताखाली होती, पण काकांसमोर तो अजून शाळेतला होता.

"मीही रेखाला नकार दिला नाही," अर्चना म्हणाली. "भीड आपली, टक्के त्याचे. उतारावर ठेवलेला चेंडू खाली गेला तर चेंडूला रागवायचं कशाला? उतार बदलायला हवा."

"म्हणजे काकांना बदलायचं?" सुमंत घाबरून म्हणाला.

"काकांना नाही रे. करार."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती थेट बांधकामावर गेली. पुंडलिक विटांच्या ढिगावर बसून चहा पीत होता. तिचं पहिलंच वाक्य ऐकून त्याने कप खाली ठेवला.

"टक्के नकोत? म्हणजे विश्वास उडाला म्हणा की माझ्यावरचा."

"तुमच्यावर आहे. टक्क्यांवर नाही. आजवर झालं त्याचे टक्के जुन्या बोलीने घ्या. उरलेल्या कामाचा आपण अंदाज काढलाय ना, त्यावर तुमचे जेवढे होतात तेवढा ठरीव मेहनताना. खर्च वाढला तरी तेवढाच, कमी झाला तरी तेवढाच."

"आणि सळईचा भाव चढला तर?"

"तो आम्ही सोसायचा. भाव काही तुमच्या हातात नाही. मात्र घर नकाशातलंच, वरच्या खोलीसकट. अंदाजापेक्षा जे वाचेल, त्यातलं निम्मं तुमचं."

पुंडलिकने मान वर केली. "निम्मं?"

"निम्मं."

"आणि तुम्हीच नकाशा बदलला तर?"

"आधी किंमत बोलायची, मग वीट लावायची. मी आणि सुमंत, दोघांनी हो म्हटलं तरच."

तो अर्ध्या उंचीच्या कंपाउंडकडे बघत राहिला. मग त्याच्या मिशीखाली हसू पसरायला लागलं.

"म्हणजे वकीलसाहेबांना नाही म्हणायचं काम माझ्या गळ्यात."

"त्याचेच तर पैसे देतेय."

पुढच्या रविवारी काका आले तेव्हा सुमंत पाण्याची टाकी बघायच्या निमित्ताने मागच्या बाजूला सटकला. अर्चना मात्र चहा गाळत तिथेच थांबली.

"पुंडलिका, भिंत अजून तेवढीच?" काकांनी काठी उगारली. "आणि दाराला कमान नाही? वकिलाच्या घराण्यातलं घर, बाहेरून कळायला नको?"

पुंडलिकने टोपी सरळ केली. "नोडरी, हे बघा साहेब, भिंत उंच केली तर बाहेरून दिसणार काय? नुसती भिंत. कमान तुम्ही म्हणता तशी झकास होईल, पण तिला लागणारा खांब बरोबर तुमच्या गाडीच्या वाटेत येतो. तुम्ही गाडी रस्त्यावर लावून चालत यायचं? माझ्या मनाला ते पटत नाही."

काकांनी गाडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. युक्तिवाद त्यांना आवडला होता, हे अर्चनाला त्यांच्या भुवयांवरून कळलं.

"बरं, मग जिन्याखाली एक कपाट?"

"आगूदिल्ल री, नाही जमायचं. तिथे पाण्याचा पाइप आहे. कोर्टाची तुमची जुनी कागदपत्रं भिजली तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"अर्चना, याचा हा गुण आधी कळला असता तर याला ज्युनियर म्हणून ठेवला असता," काका खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी दुसरा कप मागितला. पुंडलिकने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नकार दिला होता, तोही लागोपाठ तीनदा, आणि दोघेही मजेत होते.

रेखाचीही तीच गत झाली. देवघराच्या भिंतीवरून ती त्याच्याशी अर्धा तास भांडली आणि शेवटी तिनेच त्याला घरून उंड्यांचा, म्हणजे लाडवांचा डबा आणून दिला.

काम भराभर वर चढू लागलं. महिन्याभरात वरच्या खोलीच्या विटा कमरेइतक्या झाल्या आणि अर्चना सुमंतबरोबर पहिल्यांदा फळ्यांवरून तिथे चढली. पश्चिमेला तळं लख्ख दिसत होतं. उन्हाची तिरपी तिरीप खोलीभर फिरेल, भिंगांना हवी तशी. नकाशातली खिडकी तिला एकदम अरुंद वाटली.

"पुंडलिक, ही जरा रुंद करू या."

"आगूदिल्ल री, अक्का."

ती बघतच राहिली. "अहो, मी सांगतेय!"

"तुम्ही सांगताय म्हणूनच. मोठी चौकट, जास्त काच, वरची तुळईही लांब लागणार. अंदाजाबाहेर जातं. माझ्या वाट्याचं निम्मं बुडतं की." तो गंभीर होता, पण डोळे हसत होते.

खाली वाळू चाळणाऱ्या बाया थांबून वर बघू लागल्या. सुमंत तर उघडच हसला. "उतार, उतार," तो पुटपुटला.

अर्चनाने पदर खोचला. पुढची दहा मिनिटं तिने घासाघीस केली. स्वयंपाकघरातल्या फुलाफुलांच्या टाइल्स गेल्या, साध्या पांढऱ्या आल्या. बैठकीतलं फॉल्स सीलिंग गेलं, त्याचं दुःख फक्त सुमंतला झालं, पण हो म्हणताना त्याने मान खाली घातली नाही. पुंडलिक बोटांवर मोजत होता.

"बसतंय," तो शेवटी म्हणाला. "किती रुंद हवी, उभ्या राहून दाखवा."

अर्चना भिंतीसमोर उभी राहिली आणि तिने तळ्याच्या दिशेने दोन्ही हात पसरले, पसरता येतील तेवढे.

"अक्का," पुंडलिक म्हणाला, "हात जरा आत घ्या."

तिने दोन्ही हात बोटभर आत घेतले, आणि गवंड्याने तिथे खुणेची वीट ठेवली.