रडकी मडकी

“वाजस ते मडकं नको लेजो व बाई,” बुधीबाई म्हणाली, आणि निर्मलाने हो हो म्हणून ते सोडून दिलं.

सोडून देण्यासारखंच होतं. मडकं घ्यायचं तर टिचकी मारून, कानाशी धरून, खणखणीत वाजेल तेच घ्यायचं, हे तळोद्यातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक. बुधीबाई डोंगरातल्या पाड्यावरून दर बाजाराला सरपणाची मोळी घेऊन उतरायची, ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायची आणि उठता उठता काहीतरी सांगून जायची. निर्मला पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलेली. मडकं कसं घ्यावं हे तरी तिला कुणी सांगायला नको होतं.

मडक्यांचा विषय निघाला तो मंगलामुळे. सव्वा वर्षाची ही पोर माती खायची. ओट्याचा पोपडा, भिंतीचा कोपरा, चुलीपुढची राख, काही म्हणजे काही सोडत नव्हती. निर्मला दिवसभर तिच्या मागे, तोंडात बोट घालून माती काढते आहे. पोर दिसायला पांढरीफटक. धुळ्याच्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, “अंगात रक्त नाही. रोज हिरवा पाला पोटात जाऊ द्या. उन्हाळा लागायच्या आत पोरीने बाळसं धरलं पाहिजे.”

आणि नेमका तो सन अडतीसचा पाऊस दसऱ्याआधीच आटोपलेला. पौषातच बाजारात कांद्याखेरीज काही दिसेना. पाला हवा तर परसात लावायला हवा, आणि परसातली विहीर घरचं भागवून दिवसाला जेमतेम दोन घागरी जास्तीच्या द्यायची. दोन घागरी वाफ्यावर ओतल्या की दुपारपर्यंत ऊन त्या पिऊन मोकळं.

निर्मलाचे यजमान लोटनराव कचेरीत कारकून. त्यांनी मुंबईहून हातपंपाचं चित्रांचं पुस्तक मागवलं होतं. “हा दांडा हलवायचा, की रबरी नळीतून पाणी थेट वाफ्यात!”

“विहीरमा पाणी कोठे शे?” त्यांच्या आई सिंधुबाईंनी विचारलं.

“पंप खेचेल की.”

“काय खेची? गाळ?” सिंधुबाईंनी सुपातले खडे टाकले. “न्हाणीनं पाणी वाया जास. तेना पाट काढ परसात.”

“साबणाचं पाणी, आत्याबाई,” निर्मला म्हणाली. “त्यात जंतू असतात.”

“त्याच पाणीवर मन्हा चार पोरं मोठा व्हयनात. माले ते एकबी जंतू दखायना नही.”

तिसरा उपाय बुधीबाईचा. तिच्या खोपटापुढे दुधीचा वेल होता, त्याच्या बुडाशी मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. आत पाणी भरायचं, वर झाकण ठेवायचं, बस्स. मातीला तहान लागली की ती मडक्यातून हळूहळू ओढून घेते.

निर्मलाने वहीत रकाने पाडले. पंपाला पाणी नाही. पाटाला जंतू. शिवाय उघड्या पाटाकाठी ओली माती, म्हणजे मंगलाला मेजवानीच. मडक्याला मात्र नावं ठेवायला जागा सापडेना. तिने भिला कुंभाराकडे तीस मडकी वाजवली आणि त्यातली सहा घेतली. भिला खूष झाला. म्हणाला, “सात वरीस ठेवा, थेंब बाहेर येवाव नही.”

हे ऐकूनही तिच्या डोक्यात काही आलं नाही.

वाफ्यात सहा मडकी पुरली, भोवती मेथी, तांदुळजा, राजगिरा पेरला. आठ दिवस तिने हाताने शिंपडलं. बोटबोट रोपं वर आली, तसं शिंपणं थांबवून तिने सगळं मडक्यांवर सोपवलं. रोज सकाळी झाकणं उचलून बघायची. मडकी काठोकाठ! चार दिवसांत बोटभरसुद्धा पाणी कमी नाही. तिला कोण आनंद! लोटनरावांनी कचेरीत सांगूनही टाकलं, की आमच्या घरी अशी युक्ती निघाली आहे, भाजी पाण्याशिवाय जगते.

भाजी जगत नव्हती. पाचव्या दिवशी मेथीने मान टाकली. निर्मलाने जुन्या लुगड्याची सावली केली. पानं उलटून उलटून कीड शोधली. सिंधुबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. मंगला वाफ्याच्या कडेला बसून ढेकूळ चघळत होती. घरात मूठभर बी उरलं होतं आणि ऊन रोज चढत होतं. त्या दुपारी निर्मला मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, डोळे दिसू नयेत म्हणून.

बाजाराला बुधीबाई आली. तिने मडक्याशेजारची माती कोपरापर्यंत उकरली. भुकटी. मग झाकण उचलून पाहिलं आणि मटकन खाली बसून हसायला लागली. पदर तोंडाशी धरला तरी हसू थांबेना.

“बाई, तुन्हा घडा धाई गया, नि झाडं उपाशी!”

निर्मला आधी रागावली, मग तिच्या ध्यानात आलं, आणि मग तीही हसत सुटली. पक्कं भाजलेलं, खणखणीत वाजणारं मडकं. त्यातून पाणी झिरपेल कसं?

दोघी भिलाकडे गेल्या. बुधीबाई थेट भट्टीच्या मागे. तिथे कमी भाजलेल्या, बद्द वाजणाऱ्या मडक्यांचा ढीग पडला होता.

“ती रडकी शेतस!” भिला आडवा आला. “टाकी देल मडकी. ती विकी, ते लोके माले काय म्हनतीन?”

“माले रडकीच पाहिजेत,” निर्मला म्हणाली. तिच्या तोंडी अहिराणी ऐकून भिला गडबडला.

“तू ते त्या दिन थेंब येवाव नही म्हने,” बुधीबाईने त्याला डिवचलं. “आते जरासं रडू दे ना, बापा.”

शेवटी भिला एका अटीवर तयार झाला. मडकी पार गळ्यापर्यंत पुरायची, आणि कुणाची म्हणून सांगायचं नाही. संध्याकाळी तो स्वतः कुंपणावरून वाकून बघून गेला, की एखाद्याचं पोट उघडं तर नाही ना.

दुसऱ्या सकाळी निर्मलाने झाकण उचललं तर मडकं अर्धं रिकामं. “आत्याबाई, पाणी गेलं!” ती ओरडली. पाणी गेलं म्हणून घरात एवढा आनंद कधी झाला नसेल. दोन घागरींत सहाही मडकी भरत, वरची माती कोरडी राही, आणि खाली मुळं पोटभर पीत.

दुसऱ्यांदा पेरलेला तांदुळजा वीस दिवसांत हातभर झाला. एके सकाळी मंगला वाफ्यात दिसली, तोंड चालू. निर्मला धावली, तोंडात बोट घातलं, आणि निघालं हिरवं पान. न धुतलेलं! ती घाबरली, आणि मग तिथेच बसून पोरीला पुढचं पान धुऊन दिलं. सिंधुबाई वरणात रोज मूठभर पाला घालू लागल्या. फाल्गुनात डॉक्टरांनी पुन्हा पापणी ओढली. या वेळी ते हसले.

हे सगळं बुधीबाईला सांगायचं राहून गेलं आहे. तीन बाजार झाले, ती उतरलेली नाही. एक मोळीवाली म्हणाली, तिचा पाय मुरगळला. दुसरी म्हणाली, ताप आहे. लहान पोर कडेवर घेऊन एवढा घाट चढणं निर्मलाला जमेना. वर जाणाऱ्या प्रत्येकाला ती हटकते, आणि तुम्हालाही विचारते आहे: डोंगरातल्या काठी गावच्या होळीला जाणार ना? मग वाटेवर बुधीबाईचा पाडा लागेल. खोपटापुढे दुधीचा वेल आहे, चुकणार नाही. जरा आत डोकावा. ती कशी आहे, जेवते का, पाहा, आणि परत येताना आमच्या ओट्यावर थांबून सांगा.