उणे चारशे वीस

मित्रांनो, मी महाडमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत राहतो. मी एक जुना दट्ट्या-संच आहे. पितळेचे नळकांडे, त्यात घट्ट बसणारा दट्ट्या आणि तळाशी तापमापकाची बारीक तार, एवढाच माझा देह. दट्ट्या दाबला की आतली हवा आकसते आणि तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसेच हे. फक्त मी ते मोजून दाखवतो.

वीसेक वर्षे मी हे काम इमानाने केले. मुले पाळीपाळीने दट्ट्या दाबत आणि आकडा चढला की ओरडत. मग २०२१चा पूर आला. सावित्रीचे पाणी प्रयोगशाळेत शिरले, माझ्या पोटात चिखल भरला. इथले परिचर दत्ताराम यांनी मला रॉकेलने धुतले, नवी तार बसवली. पण नंतर आलेल्या विनीत सरांना प्रयोग दाखवायला वेळ नव्हता. अभ्यासक्रम संपवायचा होता. माझ्या अंगावर 'निकामी' अशी चिठ्ठी चिकटली आणि मी काचेच्या कपाटात गेलो. निकामी! मला एकदा दाबून बघायचेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

तरी माझा खरा संताप त्या चिठ्ठीचा नाही. तो सोनालीच्या पेपरचा आहे.

सोनाली बारावीत होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतून ती रोज एसटीने येई. पुण्याच्या विज्ञान शिबिराला कॉलेजातून एकच विद्यार्थी जाणार होता आणि त्यासाठी चाचणी झाली. त्यात हा प्रश्न होता: दट्ट्या दाबून वायूवर ३०० ज्यूल काम केले, तेवढ्यात १२० ज्यूल उष्णता बाहेर गेली, तर वायूच्या अंतर्गत ऊर्जेत किती बदल झाला?

सरांच्या छापील टिपणात उत्तर होते, उणे ४२०. चाळीस मुलांनी तेच पाठ केले होते, तेच लिहिले. एकट्या सोनालीने लिहिले, अधिक १८०. तिला त्या प्रश्नात शून्य मिळाले. दीपक पहिला आला, ती दोन गुणांनी मागे राहिली.

सरांचा तास प्रयोगशाळेतच भरे, म्हणून पुढचे सगळे मी ऐकले.

"सर, उत्तर अधिक यायला पाहिजे," सोनाली उभी राहून म्हणाली. "बदल म्हणजे उष्णता वजा काम. उष्णता बाहेर गेली, म्हणून उणे १२०. पण काम वायूने केलं नाही, वायूवर झालं. म्हणून तेही उणे ३००. उणे वजा करायचं म्हणजे मिळवायचं, आणि..."

"चाळीस जणांचं चुकलं आणि तुझं एकटीचं बरोबर?" सर हसले. "डोंगरातून उतरायचं आणि सरांना शिकवायचं! बस खाली."

वर्गही हसला. माझ्याच पोटातले गणित, आणि मला कोणी विचारत नव्हते!

तास संपल्यावर दत्ताराम टेबले पुसायला आले. सोनाली एकटीच बसली होती.

"काय झाला गो?"

"काका, सरांचं खरं धरलं तर हवेतली ऊर्जा कमी होईल. म्हणजे हवा थंड पडायला पाहिजे. दाबल्यावर थंड पडते का हवा?"

"मला त्यातला काय कळत नाय," दत्ताराम कपाट उघडत म्हणाले. "पण ज्याला कळता, तो हा इथं बसलाय."

दुसऱ्या दिवशी तासाला मी सरांच्या टेबलावर होतो.

"हे निकामी आहे," सर म्हणाले.

"निकामी नाय, सर. कालच तेल घातलाय."

"एकदाच दाबते, सर," सोनाली म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी सारा भार माझ्यावर टाकला. आकडा २९ होता. तो ३१ झाला, मग ३४.

"हवा तापली, सर. थोडी उष्णता बाहेर जाऊनसुद्धा तापली. मग ऊर्जा कमी कशी झाली?"

या वेळी कोणी हसले नाही. सरांनी टिपण उघडले, मिटले. "छपाईची चूक असेल," असे पुटपुटले. तिथेच त्यांनी तिच्या पेपरवर गुण वाढवले. तीन गुणांनी ती दीपकच्या पुढे गेली.

"झालं समाधान?"

"नाय, सर," सोनाली म्हणाली. "चूक आहे असं वर्गासमोर म्हणालात. बरोबर आहे हेपण वर्गासमोरच म्हणा."

सरांनी ते म्हटले, पण मुलांकडे पाठ करून, फळ्याशी बोलल्यासारखे. चाळीस वह्यांत उणे ४२० खोडले गेले. शिबिराची यादी मात्र आदल्या संध्याकाळीच गेली होती. "आता बदल होणार नाही," प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." बारावीतल्या मुलीला पुढचे वर्ष! दीपक पुण्याला गेला. त्या आठवड्यात सोनाली रोज वर्गात येऊन बसत होती.

मित्रांनो, आम्हा जुन्या साधनांची धूळ पुसा, आम्हाला तेल द्या, हे तर मी सांगेनच. पण कोणी उभे राहून 'हे चुकतंय' म्हणाले, तर त्याचे गाव कुठले ते पाहू नका. आम्हाला टेबलावर काढा आणि तपासा. सोनालीचे उत्तर तपासायला दोन मिनिटे लागली. ती दोन मिनिटेसुद्धा तिला मागून घ्यावी लागली.