विधवा खाली वळली

दुबलगुंडीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. इंग्रजीला शिक्षक नव्हते, ती दोन वर्षं इंग्रजीही शिकवलं. गोष्टीतलं वाक्य आलं की मुलं शब्दाला शब्द लावून मोकळी व्हायची. 'द विडो टर्न्ड डाउन द प्रपोजल' म्हणजे विधवा खाली वळली. टर्न ओळखीचा, डाउनही ओळखीचा. पण सोडियम आणि क्लोरीन एकत्र आले की मीठ होतं, गुण पार बदलतात; शब्दांचंही तसंच. हे दाखवायला मी एक वही केली. वाक्य, त्याखाली लाल शाईत मुलांचा चुकलेला अर्थ, त्याखाली निळ्या शाईत खरा: विधवेनं मागणी नाकारली. अशी चारशे वाक्यं.

मुख्याध्यापक जगदेवप्पांनी वही आठवडाभर मागून नेली. महिन्याभरानं छापायच्या पुस्तकाची पानं माझ्यापुढं ठेवली. लेखक म्हणून त्यांचं एकट्याचं नाव.

"स्पेलिंग तेवढं बघा, बाई. अर्थाला हात लावू नका, ते झालंय."

पहिल्याच पानावर कळलं. झेरॉक्समध्ये लाल-निळं सगळं काळंच निघालं होतं. टायपिस्टनं प्रत्येक वाक्याखालची पहिली ओळ घेतली, दुसरी सोडली. चारशेच्या चारशे अर्थ चुकीचे. मी तीन स्पेलिंगं दुरुस्त करून पानं परत दिली.

प्रकाशन हुमनाबादला होतं, तालुक्यातल्या शिक्षकांसमोर. पुस्तकं मुलांच्या हाती जाण्याआधी बोलायचं, एवढं मी ठरवलं होतं. उठून जगदेवप्पांना विधवेचं वाक्य अर्थासकट वाचायला सांगितलं. त्यांनी खणखणीत वाचलं.

"कामून वळली, सर? काही पडलं व्हतं व्हय?" मागून कोणीतरी विचारलं. सगळे हसले. मी आणखी दोन वाक्यं वाचायला लावली, मग वही काढून खरे अर्थ वाचले.

सोमवारी ते प्रयोगशाळेत आले. नवं पुस्तक छापायचं होतं, वही हवी होती. तुमचंही नाव टाकतो म्हणाले.

"वही कुणाची ते आधी प्रार्थनेला सांगा. पोरांसमोर."

"रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत माझी, बाई. इज्जत ठेवा."

"माझी कुठं ठेवली तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सांगितलं, खालच्या आवाजात. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही, असं मी म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

वही मात्र मी दिली नाही.