फलकावरचं हसू

"बोलत नाहीत आता त्या," उशीला अभ्रा घालता घालता सिस्टर म्हणाली. "जेवण तर बंदच. सोमवारी वर हलवायचंय."

वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. तिथे नळीतून भरवतात आणि आम्हा सोबतींना, म्हणजे आठवड्यातून एकदा गप्पा मारायला येणाऱ्या स्वयंसेवकांना, तिथे मज्जाव आहे. वरच्या लोकांना सोबतीचा काही उपयोग नसतो, असं वृद्धाश्रमाच्या मॅडमचं मत. वर गेलेलं माणूस पुन्हा खाली आलेलं मी अजून पाहिलेलं नव्हतं.

मी मधले काही आठवडे आले नव्हते. मुलीला आधी ताप, मग खोकला, मग दात. घरातले जंतू इथे आणायला नकोत म्हणून थांबले होते. त्याआधी दर आठवड्याला यायचे, तेव्हा याच खोलीत ऑपरेटरबाई मला एक शब्द बोलू द्यायच्या नाहीत. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. "लोकांची भांडणं ऐकायचा पगार मिळायचा मला," म्हणायच्या. "इथे फुकटात ऐकते." भेटायला फक्त मुलगा येई, तोही घड्याळ बघत. बाकी माझ्याखेरीज कुणी नाही.

आणि आता त्याच बाई खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. गाल आत गेलेले. मी हाक मारली तर डोळे वळले, ओठ हलले नाहीत.

"मुलाला कळवलंय?" मी विचारलं.

"तेच तर येतायत आज, सही करायला." सिस्टरने सूपचा वाडगा टेबलावर ठेवला. "बघा, तुमच्याकडून घेतात का. पण भरवायचं नाही हं तुम्ही. नियम माहितीयत ना?"

माहीत होते. सोबतीने ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, औषधाला हात लावायचा नाही, भरवायचं नाही, मध्ये पडायचं नाही. प्रशिक्षणात हे इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं की मी मान डोलावली होती. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे शेजारी बाहुली बसवली तरी चालेल की. घरातल्या म्हातारीशी बोलायला वेळ नाही, आणि परक्या म्हातारीपुढे मान डोलवायला चाललीस." बोलल्या, पण नात तेवढी कडेवर घेतली.

सिस्टर गेली तशी मी चमचा उचलला.

मूल वाढवताना एक गोष्ट पक्की कळते. पोट भरलेलं मूल चमचा दिसताच ओठ गच्च मिटतं आणि मान फिरवतं. दात येणारं मूल तसं करत नाही. ते भुकेलेलं असतं, चमच्याकडे झेपावतं, आ करतं, आणि चमचा हिरडीला लागला की किंचाळतं. गेले काही दिवस मी घरी हेच बघत होते. ऑपरेटरबाईंनी चमचा पाहिला आणि पुढे झुकून आ केला. सूप आत गेलं, त्यांनी दाढा मिटल्या, आणि डोळ्यांतून घळकन पाणी आलं. सूप हनुवटीवरून ओघळलं.

भूक मेलेली नव्हती. दुखत होतं.

"बाई, तोंड उघडता?" म्हणत मी मोबाइलची बॅटरी लावली. त्यांनी इतक्या तातडीने तोंड उघडलं की मला भीती वाटली. कवळीच्या कडेने हिरड्या लालभडक झाल्या होत्या, आणि जिथे ती रुतत होती तिथे पांढरे व्रण. त्यांची बोटं संधिवाताने वळलेली, कवळी त्यांना स्वतःला काढता येत नव्हती. मी बोट घालून ती हळूच सोडवली. हातात घेऊन बघितली. लहानशी, नीटस, दातांची सरळ ओळ.

सरळ.

ऑपरेटरबाईंच्या कवळीतला समोरचा एक दात वाकडा होता. कितीदा तरी हसून त्यांनी तो मला दाखवला होता. "मुद्दाम करून घेतलाय. डॉक्टर म्हणाला, आजी, सरळ बसवतो, सुंदर दिसाल. म्हटलं, बाबा रे, जन्मभर वाकड्या दाताने हसले. आता सरळ केला तर मुलगा म्हणेल, ही कोण बया."

"अहो, तोंडात हात काय घालताय?" सिस्टर दारात उभी होती.

"ही कवळी यांची नाही."

"त्याही तेच म्हणत होत्या सुरुवातीला. हे माझे नाहीत, माझे नाहीत. स्वतःचे दात ओळखेनात म्हणजे बघा. मग थुंकायला लागल्या. एकदा मावशीच्या अंगावर फेकली कवळी. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे."

"वयाचं?" माझा आवाज चढला. "कवळ्या धुता कशा तुम्ही?"

"मावशी धुते. सगळ्या एका टबात." इथे मात्र तिने नजर चुकवली. "आधी प्रत्येकाची नावाची डबी होती. मॅडम म्हणाल्या, एवढ्या डब्या घासण्यात सकाळ जाते."

बाई खरं बोलत होत्या. स्पष्ट, सरळ मराठीत सांगत होत्या की हे दात माझे नाहीत, आणि इतक्या शिकल्यासवरल्या लोकांनी त्याचा अर्थ लावला की बाईंचं डोकं गेलं. मग त्यांनी बोलणं सोडलं. मीही सोडलं असतं.

मग त्यांचे दात होते कुणाच्या तोंडात? ते मी सकाळीच पाहिलं होतं. फाटकाशी नवा फलक लागला होता, दोन पुरुष उंचीचा. त्यावर पलीकडच्या खोलीतल्या आजी, ज्यांना हल्ली सगळे हसऱ्या आजी म्हणतात, आणि खाली लिहिलेलं, "इथे हसू म्हातारं होत नाही." येताना मला वाटलं होतं, किती मनमोकळं हसतायत. आता खिडकीशी जाऊन बघितलं. लांबूनही दिसत होता. ताटाएवढा मोठा, पांढराशुभ्र, वाकडा दात.

मी कवळी रुमालात गुंडाळली आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मुलगा तिथेच होता. समोर चहा, हातात पेन.

"आईनेच ठरवलंय आता," तो मला समजावत म्हणाला, जणू मी रडायला आले होते. "तिला शांतपणे राहू द्या."

"तुमच्या आईचा समोरचा दात कसा होता?"

"म्हणजे?"

"दात. कसा होता?"

त्याने मॅडमकडे पाहिलं. "दातासारखा दात. का?"

मी रुमाल टेबलावर उलगडला. चहाचा कप त्याने मागे ओढला.

मॅडम शांत होत्या. शांत राहणं हेच त्यांचं काम. "हे बघा, तुमची तळमळ समजते. पण अशा ठिकाणी छोट्या गोष्टी होतात. आपण डॉक्टरांना विचारू. सोमवारचं ठरलेलं होऊ दे, मग आठवडाभरात–"

"आठवडाभर त्या उपाशी राहतील? फलकावरच्या आजींच्या तोंडात यांचे दात आहेत मॅडम. त्या हसत नाहीयेत. त्यांचे ओठ मिटत नाहीयेत."

"तुम्ही लहान मूल सोडून येता, थकता," मॅडम म्हणाल्या. "मनावर ताण येतो. असं काहीतरी दिसायला लागतं."

ताण मला येतोच. मुलीने श्वास जरा जोरात घेतला तरी मी उठून बसते. गॅस बंद केला का म्हणून जिन्यातून परत वर जाते. पण त्या क्षणी मला कसलीही काळजी वाटत नव्हती. फक्त राग येत होता, आणि तो छान, कोरडा, उपयोगी राग होता.

"चला," मी मुलाला म्हटलं. "आधी बघा. मग कुठे करायची तिथे सही करा."

तो आला. बहुधा आमच्यासमोर नाही म्हणवेना म्हणून. हसऱ्या आजी पलंगावर बसल्या होत्या, फलकावरच्यासारख्याच दात दाखवत. सिस्टरनेच पुढे होऊन त्यांच्या तोंडातली कवळी काढली, आणि त्यांचे ओठ मिटले. हसू नसलेला त्यांचा चेहरा आता दिसला. दमलेल्या होत्या.

"गाल दुखायचे हो," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणायचे, किती छान हसता."

सोमवारी ऑपरेटरबाईंना वर नेलं नाही. हिरड्या भरून येईपर्यंत त्या बोळक्यानेच पातळसं घेत होत्या, चमच्याकडे झेपावत होत्या. कवळ्यांच्या डब्या परत आल्या. मॅडमनी मला मात्र बोलावून सांगितलं की मी मर्यादा ओलांडली, तेव्हा सोबतीचं काम आता थांबवावं. घरी सांगितलं तर सासूबाईंनी आधी नात माझ्याकडे दिली. मग म्हणाल्या, "माझे दात अजून माझे स्वतःचे आहेत. ध्यानात ठेव. पुढेमागे कामाला येईल."

मी जातेच आहे. सोबती म्हणून नाही, पाहुणी म्हणून. ऑपरेटरबाईंनी मॅडमना सांगितलं, मला कोण भेटायला यावं ते मी ठरवणार, जमत नसेल तर तसं लिहून द्या. लिहून काही कुणी दिलं नाही.

परवा मुलगा त्यांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेत होता. मी शेजारून चालत होते. फलक अजून तिथेच आहे. बाईंनी हात वर केला, खुर्ची थांबली.

"हा उतरवायला सांग," त्या म्हणाल्या.

"राहू दे ना आई. चांगला फोटो आहे की. हसतायत त्या."

बाईंनी मान वळवली आणि त्याच्याकडे बघत वरचा ओठ मागे ओढला, वाकडा दात दिसेल इतका. ते हसू नव्हतं.

"नीट बघ," त्या म्हणाल्या.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग वर फलकाकडे, मग परत त्यांच्याकडे. त्याने खुर्चीवरचा हात काढला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी खुर्ची धरली, आणि तो फलक उतरवायला सांगेपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.