नव्या शाळेचे तीन क्यूब

काटा दोनशे नव्वदवर थरथरला आणि मशीनमधला काँक्रीटचा क्यूब कडकन फुटला. क्यूबबाईंनी आकडा पेन्सिलीने कागदावर टिपला. काटा साडेचारशेच्या पुढे जायला हवा होता.

"मशीन बिघडलंय का हो, बाई?" शेजारी उभ्या तरुण इंजिनिअरने विचारलं. हातातलं हेल्मेट त्याने एव्हाना दहादा या हातातून त्या हातात केलं होतं.

"सकाळपासून अकरा फोडलेत. तेव्हा तर धडधाकट होतं."

सरकारी प्रयोगशाळेत बाईंना नावाने कुणी हाक मारत नसे. एकतीस वर्षं काँक्रीटचे ठोकळे फोडण्यात गेली, म्हणून क्यूबबाई. स्लॅब ओतताना त्याच मालाचे वीतभर ठोकळे साच्यात भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग इथे आणून मशीनखाली चिरडायचे. ठोकळा किती दाब सोसतो त्यावरून स्लॅबची ताकद कळते. कितीतरी पूल, टाक्या, दवाखाने बाईंच्या अक्षरात पास झाले होते आणि त्यातलं एकही बांधकाम त्या बघायला गेल्या नव्हत्या. आजचे तीन क्यूब ज्या नव्या शाळेच्या स्लॅबचे होते, तिथे मात्र जाणार होत्या. सरकारने यंदा चाळीस नव्या शाळांना पैसा दिला होता आणि त्यातली एक बाईंच्याच वसाहतीत आली होती.

बाईंची नात सात वर्षांची. लेक पहाटेच शिलाईच्या कारखान्यात जाते, मग पोर शेजारच्या मुलींबरोबर हमरस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत जाते. गेल्या वर्षी त्यातल्याच एकीला टेम्पोने उडवलं. जिवावरचं पायावर निभावलं, पण पोरगी अजून लंगडते. तेव्हापासून लेकीचा सगळा जीव नव्या शाळेत अडकला होता. रोज कामावरून येताना ती वाट वाकडी करून बांधकाम बघून यायची. सोमवारी उद्घाटन होतं.

दुसरा क्यूब तीनशे दहाला गेला.

तिसरा बाईंनी मशीनमध्ये ठेवला. काटा दोनशेवर आला, अडीचशेवर आला. चल बाबा, चल, असं त्या मनातल्या मनात त्याला ढकलत होत्या. दोनशे पंच्याऐंशीला ठोकळ्याच्या कोपऱ्यातून भुगा सांडला आणि काटा मागे पडला.

"काय झालं होतं त्या दिवशी? खरं सांगा," बाई म्हणाल्या.

इंजिनिअर स्टुलावर बसला. "मालाची गाडी दोन तास रस्त्यात अडकली. माल घट्ट झाला. परत पाठवला असता तर तारीख हुकली असती. मुकादमाने पातळ करायला त्यात पाणी मारलं, तिथेच ताकद गेली. मी तिथेच उभा होतो, बाई. काही बोललो नाही."

"आणि क्यूब त्याच मालाचे भरलेत?"

"मग दुसरे कुठले भरणार?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं इथे येणारे निम्मे क्यूब 'खास' असत, जास्त सिमेंट घालून वेगळे केलेले. मशीनची दमछाक व्हायची, पण ठोकळा लवकर फुटायचा नाही. बाईंना ते हाताला कळायचं. पण समोर आला तो फोडायचा, कुठून आला ते विचारायचं नाही, अशी त्यांनी आपली सोय करून घेतली होती. या वेड्याने मात्र खरे आणले होते.

तेवढ्यात साहेब आले. कागदावर नजर टाकून त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, हे रजिस्टरला चढवू नका. वरून माणसं येणार आहेत. महिनाअखेर काम पुरं दिसलं नाही तर निधी परत जाईल. हे दुपारपर्यंत दुसरे तीन आणतील."

"अठ्ठावीस दिवसांचे क्यूब दुपारपर्यंत कसे होतील, साहेब?"

"ते तुम्हाला काय करायचंय? चार महिने राहिलेत तुमचे, सुखाने घरी जा. आणि तुमचीच नात जायची ना त्या शाळेत?"

"म्हणून तर."

बोलून गेल्या आणि त्यांनाच ते लागलं. नात जायची नसती तर? मग दुपारची वाट बघत बसलो असतो का आपण? उत्तर त्यांना माहीत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी पेन उघडलं, रजिस्टर ओढलं आणि तिन्ही आकडे शाईने लिहिले. खाली सही केली. साहेब काहीतरी बोलत होते. इंजिनिअर रजिस्टरकडे बघत होता. त्याची नोकरी जेमतेम वर्षाची होती.

बातमी बाईंच्या आधी घरी पोचली.

"तू केलंस हे?" लेकीने दारातच विचारलं.

"हो."

"आता स्लॅब फोडणार. वर्ष लागेल म्हणतात. वर्षभर ही पोर त्या रस्त्यावरून जाणार, आई! एकदा गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

"गप्प बसूनच नोकरी काढली गं आजवर."

"मग अजून चार महिने काढायचे होतेस," लेक म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं उरलं.

सोमवारी उद्घाटनाऐवजी घणाचे घाव ऐकू आले. वसाहतीतल्या बायका नळावर बाईंना बघून तोंड फिरवू लागल्या. कुणी ऐकू जाईल असं बोललीही, "मोठी आली खरं बोलणारी." बाईंनी अर्ज करून दुपारची पाळी मागून घेतली. साहेबांनी वर न बघता सही केली.

आता रोज सकाळी सव्वासहाला क्यूबबाई नातीला घेऊन हमरस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. पहिल्या दिवशी दोघीच होत्या. मग लंगडणारी पोरगी आली, मग आणखी दोन. आता चौदा जण असतात. त्यांच्या आया कोपऱ्यापर्यंत येतात, बाईंशी अवाक्षर बोलत नाहीत, पोराचा हात बाईंच्या हातात देतात आणि वळतात. लेकही पहाटे कामाला निघताना पोरीचा हात तसाच देते आणि जाते.

"आजी, आपली शाळा कधी होणार?" नात विचारते.

"होईल. तू गाडीकडे बघ."

बाई रस्त्यात उतरतात आणि हात वर करतात. ट्रक कचकन ब्रेक मारून थांबतो, ड्रायव्हर शिवी हासडतो. शेवटचं पोर पलीकडे पोचेपर्यंत बाई हात खाली घेत नाहीत.