न तुडवलेला उतार

वरचा बर्फ कोसळायच्या भीतीनं हिंटरआऊ वस्तीकडे जाणारा रस्ता नऊ दिवस बंद होता, आणि तो उघडायचा की नाही हे ज्यानं ठरवायचं तो कासियान नऊ दिवस धड झोपला नव्हता. वस्तीत अडकलेल्या तीस माणसांत त्याची आई होती आणि तिच्या हृदयाच्या गोळ्या काल संपल्या होत्या. म्हणून आज रस्त्याच्या डोक्यावरचा उतार फावडं घेऊन चढताना त्याला मनापासून वाटत होतं, की बर्फानं एकदाचं 'हो' म्हणावं आणि आपल्याला घरी जाऊन आडवं होऊ द्यावं.

उतार कोरा करकरीत होता. सशाचं पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं. त्यानं छातीइतका खड्डा खणला, त्याच्या भिंतीतून बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि नेहमीच्या थापा मारल्या: मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. खांब हलला नाही, म्हणजे उतार पक्का. परवा शेजारच्या उतारावर हाच बर्फ बाराव्या थापेला सरकला होता.

इतकी चांगली बातमी त्याच्या पचनी पडेना. तुडवलेला बर्फ घट्ट बसतो आणि तिथली चाचणी खोटा दिलासा देते, हे तो वीस वर्षं नव्या लोकांना घसा फोडून शिकवत आला होता. त्यानं खांबाचा एकेक थर हातानं उचलून बाजूला ठेवला. कालच्या थराखाली बुटाचा ठसा होता. परवाच्या थराखाली, त्याच जागी, आणखी एक. असे नऊ.

तो वैतागून दहा पावलं सरकला आणि पुन्हा खणू लागला. तिथेही तेच. तिसऱ्या खड्ड्यात त्यानं ठसा नीट निरखला: डाव्या टाचेचा कोपरा तुटका होता. स्वतःचा बूट उचलून बघायची त्याला गरज नव्हती. तो दुरुस्तीला टाकायचा महिनाभर राहूनच गेला होता. पण या उतारावर तो आज पहिल्यांदाच चढला होता.

त्याला भीती वाटली, पण भ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यानं रेडिओचं बटण दाबलं. "बुर्गी, रस्ता उघडू नका. उतार कुणीतरी तुडवलाय. चाचणी ग्राह्य धरता येणार नाही."

"काय चेष्टा लावलीस रे?" गावच्या कचेरीतून बुर्गी म्हणाली. "अर्ध्या तासापूर्वी तूच म्हणालास, उघडा. बस वस्तीतून निघालीसुद्धा. तुझी आई पुढच्याच सीटवर बसलीय म्हणे, लग्नाला निघाल्यासारखी नटून."

"मी नाही बोललो. बुर्गी, ड्रायव्हरला सांग, थांब म्हणावं!"

रेडिओ क्षणभर खरखरला. मग त्यातून कासियानचाच आवाज आला, सावकाश, झोप पुरी झालेल्या माणसाचा.

"येऊ दे गं. उतार पक्का आहे."

"हं, आता कसा माणसासारखा बोललास," बुर्गी म्हणाली, आणि खालच्या वळणावर पिवळी बस दिसू लागली.